जुने शूटर (बंदुकीने लढायचे गेम) परत विकायला आलेत, पण नव्या मशीनवर ते नीट चालतात का?

बोरिवली_वेस्ट_गेमर

मंडळी नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे पण मनापासून विचारतोय, जमलं तर पूर्ण वाचा.

नवीन लॅपटॉप घेतलाय, १६५ हर्ट्झची स्क्रीन (सेकंदाला १६५ वेळा चित्र बदलणारी), ग्राफिक्स कार्डही बऱ्यापैकी तगडं. त्यावर नवे गेम टाकायच्या ऐवजी मी आधी जुने शूटर घेतले सेलमध्ये, कारण आमची पिढी सायबरमध्ये तासाचे पैसे देऊन आयजीआय आणि काउंटर स्ट्राइक खेळलेली, आणि डूम-क्वेक मोठ्या भावाच्या पीसीवर त्याच्या मागे उभं राहून बघितलेलं. आता हे सगळे परत रिलीज होतायत, पानावर मोठ्या अक्षरात ४के, १२० एफपीएस (सेकंदाला १२० चित्रं, म्हणजे फ्रेम) वगैरे लिहिलेलं असतं, म्हटलं आता मजा येईल.

एक कलेक्शन घेतलं (नाव घेत नाही, उगाच वाद नको) आणि दिसायला सगळं स्वच्छ आहे, कडा धारदार आहेत, पण काहीतरी बिनसलंय आणि नेमकं काय ते मला बोट ठेवून सांगता येत नाही. वळताना चित्र अडखळतं, एफपीएसचा आकडा मात्र छान दाखवतो. जिथे पूर्वी काळोख असायचा आणि भीती वाटायची तिथे आता राखाडी उजेड आहे. अर्ध्या तासात डोकं गरगरायला लागतं, जे मला नव्या गेममध्ये कधी होत नाही. माउस हलवला की थोडं तरंगल्यासारखं वाटतं.

शिवाय मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घेतलेल्या काही ओरिजिनल सीडी अजून जपून ठेवल्यात, बाहेरचा ड्राइव्ह लावून टाकून बघितल्या तर इन्स्टॉलच होत नाहीत.

तर विचारायचं असं की हे माझ्या मशीनचं काही आहे का गेमचं? आणि कुठले रिलीज टेक्निकली खरंच चांगले केलेत, ज्यावर पैसे घालावेत?

ठाणे_कोडवाला

भावा, मशीन ठीक आहे तुझं. जुन्या शूटरमध्ये रिझोल्यूशन ही सगळ्यात सोपी गोष्ट असते, ती वाढवायला फारशी अक्कल लागत नाही, म्हणून जाहिरातीत तीच असते. अवघड असतं ते टायमिंग.

डूमचं घे. १९९३ चा गेम, त्याचं सगळं लॉजिक सेकंदाला ३५ वेळा चालतं, राक्षस कधी हलणार, गोळी कुठे पोचणार, दार किती उघडलं, सगळं त्या ३५ ठोक्यांवर. ३५ का, तर तेव्हाच्या व्हीजीए या डिस्प्ले मोडमध्ये मॉनिटर ७० हर्ट्झवर चालायचा आणि ३५ म्हणजे बरोबर त्याच्या अर्धे, प्रत्येक चित्र दोनदा दिसायचं, हिशोब जुळायचा. आता तेच ३५ तू ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर टाक. भाग जात नाही. मग काही चित्रं एकदा दिसतात काही दोनदा, आणि वळताना ते सिग्नलला अडकत अडकत जाणाऱ्या स्लो लोकलसारखं वाटतं, सरासरी वेग ठीक पण आतल्या माणसाला धक्के. १६५ वरही तेच, १६५ ला ३५ ने भाग जात नाही. कोपऱ्यात एफपीएसचा आकडा दिसतो ना, तो सरासरी सांगतो, दोन चित्रांमधलं अंतर सारखं आहे का ते सांगत नाही, आणि डोळ्याला नेमकं तेच अंतर कळतं.

यावर चांगला उपाय एकच, लॉजिक ३५ वरच ठेवायचं आणि दोन ठोक्यांच्या मधली चित्रं इंटरपोलेट करून, म्हणजे आधीच्या-नंतरच्या स्थितीवरून हिशोबाने काढायची. मग गेम तोच राहतो आणि दिसायला गुळगुळीत होतो. काही जण मात्र आळस करतात आणि लॉजिकच स्क्रीनच्या वेगाला बांधून टाकतात, किंवा मुळातच बांधलेलं असतं ते तसंच ठेवतात, आणि मग गंमत सुरू होते. मूळ क्वेक सेकंदाला ७२ फ्रेमवर अडवलेला होता, ती मर्यादा तशीच उचलून टाकली तर लिफ्ट आणि राक्षस विचित्र वागायला लागतात. क्वेक ३ मध्ये तर सेकंदाला १२५ फ्रेम ठेवले की उडी जरा उंच जायची, आकडे राउंड होण्याच्या पद्धतीमुळे, आणि स्पर्धेत खेळणारे मुद्दाम तो आकडा लावून खेळायचे.

डोकं गरगरतं त्याचं कारण मला वाटतं एफओव्ही (फील्ड ऑफ व्ह्यू), म्हणजे किती रुंद कोनातून दिसतं ते. हे गेम ४:३ च्या जुन्या, कमी रुंद मॉनिटरसाठी बनलेले, आडवा कोन ९० अंश. तोच उभा कोन कायम ठेवून १६:९ वर जायचं तर आडवा कोन साधारण १०६ व्हायला हवा, म्हणजे बाजूला जास्त दिसलं पाहिजे. पण काही ठिकाणी आडवे ९० तसेच ठेवतात आणि वरून-खालून चित्र कापतात, नळीतून बघितल्यासारखं होतं. सेटिंगमध्ये स्लायडर असेल तर १०५-१०६ वर नेऊन बघ आणि चालताना कॅमेरा हलतो तो पर्याय बंद कर, फरक पडेल.

सीडीचं म्हणशील तर दोन गोष्टी असू शकतात. त्या काळात बऱ्याच गेमचा इन्स्टॉलर १६-बिटचा असायचा, गेम ३२-बिटचा असला तरी, आणि ६४-बिट विंडोजवर १६-बिट काहीच चालत नाही. दुसरं म्हणजे सेफडिस्क नावाचं कॉपी प्रोटेक्शन, त्याचा ड्रायव्हर विंडोज १० पासून चालेनासा केला सिक्युरिटीच्या कारणाने. डिस्क चांगली असली तरी गेम उघडणार नाही.

रॉकेटलाँचर_ताई

कोडवाल्याने टायमिंगचं सांगितलंच, मी काळोखाचं सांगते कारण माझा जीव त्यात अडकलाय.

डूममध्ये उजेड हा २५६ रंगांच्या पॅलेटमधून यायचा. कलरमॅप नावाचं टेबल, त्यात उजेडापासून अंधारापर्यंत ३२ पायऱ्या, आणि लांबची भिंत पायरी पायरीने काळी होत जाते. तो काळोख आखून दिलेला होता, लेव्हल बनवणाऱ्याने त्याच्यावर भरवसा ठेवून राक्षस कोपऱ्यात उभा केलेला. नव्या रेंडररमध्ये (चित्र काढणाऱ्या कोडमध्ये) तेच गणित सरळ गुळगुळीत केलं की अंधार पातळ होतो आणि तुला दिसतो तो राखाडी उजेड येतो. त्यात पिक्सेलचा आकार. ३२० बाय २०० चं चित्र ४:३ च्या काचेवर ताणलेलं असायचं म्हणजे पिक्सेल रुंदीपेक्षा उंचीला १.२ पट. चौकोनी पिक्सेल धरून दाखवलं की सगळे राक्षस बसके दिसतात, आणि हे एकदा नजरेत भरलं की मग जात नाही.

२०१९ च्या जुलैमध्ये डूम परत आला ना युनिटी इंजिनवर (इंजिन म्हणजे गेम चालवणारा मूळ सांगाडा), तेव्हा हेच सगळं झालं होतं. ३५ एफपीएसवर अडकलेला, उजेडाबद्दल तक्रारी, आणि वरून १९९३ चा एकट्याने खेळायचा गेम उघडायला ऑनलाइन लॉगिन मागत होता. लोकांनी इतकी ओरड केली की लॉगिन काढावं लागलं, आणि जानेवारी २०२० च्या अपडेटमध्ये ६० एफपीएस आलं. नंतर ऑगस्ट २०२४ मध्ये नाइटडाइव्ह या स्टुडिओने केक्स इंजिनवर डूम आणि डूम २ एकत्र करून पुन्हा काढले, ज्यांच्याकडे आधीचे होते त्यांना फुकट, सोबत लेगसी ऑफ रस्ट हा नवीन एपिसोड. आता मी कोणालाही बिनधास्त तेच घ्यायला सांगते. एकच गेम, दोन्ही अधिकृत, आणि पाच वर्षांत एवढा फरक, कारण दुसऱ्या वेळेस करणारे लोक डूम मोडिंगमधूनच (हौसेने गेममध्ये फेरफार करणाऱ्यांतूनच) आलेले होते, त्यांना काय जपायचं ते माहीत होतं.

क्वेक पण घे. २०२१ चा. त्यात ४के आहे, अँटी-अलायझिंग (कडांचे दाते मऊ करणं) आहे, नवीन मॉडेल आहेत, पण यातलं बरंचसं बंद करता येतं, टेक्श्चर (भिंती-वस्तूंवर चढवलेलं चित्र) घासून गुळगुळीत करणं पण बंद करता येतं, आणि मशीनगेम्स या स्टुडिओचा एक पूर्ण नवीन एपिसोड आहे. क्वेक २ चा २०२३ चा रिलीज तर मला त्याहून आवडला. मूळ क्वेक २ मध्ये शत्रू सेकंदाला फक्त १० वेळा विचार करायचे, तो ठोका वाढवलाय म्हणून हालचाल वेगळीच जिवंत वाटते. म्हणजे इथे त्यांनी मूळ लॉजिकला हात लावला, तरी चाललं, कारण लढाईचा तोल सांभाळून लावला.

आणि उलटं उदाहरण पण आहे. टुरॉक, १९९७ चा निन्टेंडो ६४ वरचा. त्यात दाट धुकं होतं कारण मशीनला लांबचं काढायला झेपत नव्हतं. २०१५ च्या रिलीजमध्ये लांबपर्यंत दिसतं. मला स्वतःला ते हवं होतं, पण धुक्यातून अचानक समोर येणारा डायनासोर गेला तो गेलाच. अशा वेळी पर्याय ठेवणं हेच बरोबर, ज्याला जसं हवं तसं.

सोर्सपोर्ट_डोंबिवली

ताई सगळं पटलं पण एक सांगतो, पैसे कशाला घालायचे नव्या रिलीजवर? डूम-क्वेक बनवणाऱ्या आयडी सॉफ्टवेअरने डूमचा सोर्स कोड १९९७ मध्येच खुला केला, नंतर क्वेकचेही. तेव्हापासून लोक फुकटात हे काम करतायत आणि कंपन्यांपेक्षा चांगलं करतायत. जुनं जसंच्या तसं हवं तर चॉकलेट डूम, त्यात मूळच्या चुकासुद्धा जपल्यात. जुनं पण जरा सुसह्य हवं तर क्रिस्पी डूम. क्वेकला आयर्नवेल आणि व्हीकेक्वेक. ते ७२ फ्रेमचं गणित यांनी फिजिक्स आणि चित्र वेगळं करून सोडवलंय. फक्त गेमच्या डेटा फाइली तुझ्या स्वतःच्या हव्यात, म्हणजे एकदा विकत घ्यायला लागतोच.

आणि एक राग आहे माझा. नवीन रिलीजमध्ये मूळ फाइलीच बदलतात. डूमच्या औषधाच्या पेटीवरचा लाल क्रॉस काढून कॅप्सूल टाकली, कारण रेड क्रॉसच्या चिन्हाचा कायदा, ठीक आहे समजू शकतो. पण डूम ३ बीएफजी एडिशनसोबत जो डूम २ दिला त्यात वुल्फेनस्टाइन या आधीच्या गेमवरच्या गुप्त लेव्हलमधल्या गोष्टी पण बदलल्या. एखाद्याने तोच पहिल्यांदा खेळला तर त्याला वाटणार मूळ असाच होता.

रॉकेटलाँचर_ताई

सोर्स पोर्टबद्दल (खुल्या कोडवरून लोकांनी बनवलेल्या अशा आवृत्त्यांबद्दल) मला आदरच आहे, मी स्वतः क्रिस्पीवर खेळते. पण सगळ्यांनी पीसीवर फाइली इकडून तिकडे टाकून खेळावं हे नाही होणार. माझा भाचा कन्सोलवर खेळतो, टीव्हीसमोर बसून, कंट्रोलरने, दोघं एका स्क्रीनवर. त्याला क्वेक कळला तो त्या २०२१ च्या रिलीजमुळे. आणि सोर्स खुला आहे ते गेम मोजके आहेत रे. ब्लड घे, १९९७ चा, त्याचं २०१९ चं रिलीज रिव्हर्स इंजिनिअरिंग करून (कोड हातात नसताना गेम उलगडून) बनवावं लागलं. नो वन लिव्हज फॉरएव्हर तर हक्क कोणाकडे या भानगडीत अडकलाय, आजवर परत आलेलाच नाही, आणि तो २००० सालचा इतका सुंदर गेम नवीन मुलांना दुकानात मिळतच नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

मूळ फाइलींबद्दल मात्र शंभर टक्के तुझ्या बाजूने. नवीन द्या, पण जुनं लायब्ररीतून काढू नका. हाफ-लाइफला २५ वर्षं झाली तेव्हा नोव्हेंबर २०२३ मध्ये तो बनवणाऱ्या वाल्वने जे अपडेट दिलं ते याचा नमुना आहे. रुंद स्क्रीनला योग्य एफओव्ही, मेनू मोठ्या रिझोल्यूशनवर वाचता येतील असे, टेक्श्चर फिल्टर बंद करायची सोय, ओव्हरब्राइट लाइटिंग (जास्त झगझगीत उजेड) परत आणलं जे कित्येक वर्षं हरवलेलं होतं, आणि ज्याला हे काही नको त्याच्यासाठी जुनी आवृत्ती वेगळ्या ब्रँचमध्ये, म्हणजे निवडायच्या वेगळ्या पर्यायात, तशीच ठेवली. नवीन विकत घ्यायची सक्ती नाही. सगळ्यांनी असं करावं.

हेडफोन_लालबाग

आवाजाबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितोय.

क्वेकचं संगीत नाइन इंच नेल्सच्या ट्रेंट रेझनरचं, आणि ते गेमच्या फाइलीत नव्हतंच, सीडीवर ऑडिओ ट्रॅक म्हणून होतं. त्यामुळे डिजिटल दुकानात तो गेम आला तेव्हा स्टीमवर कित्येक वर्षं संगीताशिवायच विकला गेला. लोकांना वाटायचं हा गेम शांतच आहे, आणि बिचारे तसेच खेळले. २०२१ च्या रिलीजमध्ये संगीत आहे. खिळ्यांच्या डब्यावर बँडचा लोगो आहे तो पण बघ खेळताना.

डूमचं वेगळं. ते मिडी, म्हणजे वाद्य कुठलं वाजणार ते तुमच्या साउंड कार्डवर. आपल्याकडे बहुतेकांच्या घरी साधी कार्डं होती त्यामुळे जो आवाज आपल्या डोक्यात बसलाय तो कृत्रिम सूर काढणाऱ्या एफएम चिपचा, आणि संगीतकार बॉबी प्रिन्सने लिहिताना रोलँडचं साउंड कॅनव्हस हे यंत्र धरलेलं. दोन्ही खरे. २०२४ वाल्यात मूळ संगीत किंवा अँड्र्यू हल्शल्टचं गिटारवालं आयडीकेएफए (त्याच सुरांचं नवं रूप) निवडता येतं, मी मूळच ठेवतो.

सगळ्यात मोठं नुकसान झालं ते २००० नंतरच्या शूटरचं. तेव्हा साउंड कार्डवाल्या क्रिएटिव्ह कंपनीचं ईएएक्स हे आवाजाचं तंत्र असायचं, खोलीत गेलात की खोलीचा घुमणारा आवाज, बोगद्यात बोगद्याचा, शत्रू मागून येतोय ते हेडफोनवर कळायचं. विंडोज व्हिस्टाने डायरेक्टसाउंडचा, म्हणजे गेमचा आवाज थेट साउंड कार्डकडे नेणारा, हार्डवेअरचा रस्ताच बंद केला आणि तो आवाज एका झटक्यात सपाट झाला. आज तेच गेम दुकानात जसेच्या तसे विकतात, कोणी त्याला हात लावत नाही, कारण स्क्रीनशॉटमध्ये आवाज दिसत नाही. ओपनएएल सॉफ्ट या आवाजाच्या फुकट सॉफ्टवेअरवर आधारलेल्या फाइली टाकून बराचसा परत मिळवता येतो पण हे विकणाऱ्याने करायला पाहिजे ना, गिऱ्हाइकाने का करायचं?

बोरिवली_वेस्ट_गेमर

अरे बापरे, एवढं सगळं! एफओव्ही १०५ केला आणि कॅमेरा हलणं बंद केलं, गरगरणं जवळजवळ गेलं, कोडवाले दादा खूप आभार. अडखळणं आहे अजून. माउसचं पण तसंच आहे.

अजून एक विचारतो. २००४-०५ नंतरचे जे आहेत, क्रायसिस, फिअर वगैरे, ते तर फार जुने नाहीत, ते तरी नव्या कार्डवर मख्खन चालायला पाहिजेत ना? आणि हेलोचं कलेक्शन घेऊ का?

ठाणे_कोडवाला

उलट तेच जास्त त्रास देतात. डूमला आजचं मशीन कितीही मोठं, ओझं नाहीच. मधल्या काळातल्या गेमनी त्या वेळच्या विंडोजवर आणि त्या वेळच्या सीपीयूवर भलता भरवसा ठेवलेला.

क्रायसिस २००७ चा, तेव्हा सगळ्यांना वाटायचं की सीपीयूचा एकेक कोअर (आतला हिशोब करणारा भाग) वेगवान होत जाईल. तसं झालं नाही, कोअरची संख्या वाढली. त्यामुळे तो एका कोअरवर अडकतो आणि तुझं महागाचं ग्राफिक्स कार्ड रिकामं बसतं. २०२० च्या रीमास्टरमध्येही हा प्रॉब्लेम पुरता गेला नाही, आणि तो कन्सोलच्या आवृत्तीवरून बनवला म्हणून असेन्शन ही आख्खी लेव्हल सुरुवातीला नव्हतीच, नंतर दिली. मी म्हणेन मूळचाच खेळ.

फिअरमध्ये तर एक भन्नाट बग आहे. २००५ चा गेम, आजच्या मशीनवर थोड्या वेळाने फ्रेम पडायला लागतात आणि कारण ग्राफिक्सचं नाहीच, माउस-कीबोर्डसारख्या यूएसबी एचआयडी उपकरणांना तो ज्या पद्धतीने विचारत राहतो त्यात आहे. एक छोटी डीइनपुट८ (dinput8.dll) नावाची फाइल गेमच्या फोल्डरमध्ये टाकली की सुटतं. एवढं छोटं काम आहे ते, विकणाऱ्याने आधीच करून द्यायला काय हरकत होती कळत नाही.

हेलो आता घे. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये आला तेव्हा मॅचमेकिंग (ऑनलाइन खेळाडूंची जोडी लावणं) मोडलेलं होतं, २०१८ मध्ये मोठं अपडेट आलं तेव्हा कुठे तो धड खेळता यायला लागला, आणि पीसीवर २०१९ च्या डिसेंबरपासून एकेक भाग यायला लागला. त्यातला पहिला हेलो म्हणजे चुका पिढ्यानपिढ्या कशा उतरतात त्याचा धडा आहे. २००३ च्या पीसी पोर्टमध्ये (पीसीसाठी बनवलेल्या आवृत्तीत) काही इफेक्ट बिघडले होते, २०११ ची अॅनिव्हर्सरी आवृत्ती त्याच पोर्टवर उभी केली म्हणून ते बिघडलेलेच राहिले, आणि एक्सबॉक्सवर जसे होते तसे पुन्हा आणायला कलेक्शनची अपडेट यायला लागली. म्हणजे इतकी वर्षं नवीन खेळणाऱ्यांनी जो जुना लुक म्हणून बघितला तो जुना नव्हताच.

आता तुझं अडखळणं. आधी बघ त्या गेममध्ये इंटरपोलेशन किंवा अनकॅप्ड असा काही पर्याय आहे का, असेल तर चालू कर. मग स्क्रीनला व्हेरिएबल रिफ्रेश (गेमच्या फ्रेमप्रमाणे स्वतःचा वेग बदलणं) असेल तर ते चालू ठेव आणि फ्रेम १६० च्या आसपास बांधून टाक, ड्रायव्हरमधून बांधता येतात. बांधणं महत्त्वाचं, कारण असे जुने गेम मोकळे सोडले की हजार हजार फ्रेम काढत बसतात, काही उपयोग नाही, नुसता लॅपटॉप तापतो, आणि मे महिन्यात आपल्याकडे एसी नसलेल्या खोलीत तापलेला लॅपटॉप स्वतःच वेग कमी करतो आणि परत अडखळतो. एवढं करूनही धक्के राहिले तर गेमच तसा बनवलाय, तुझ्या हातात काही नाही.

माउससाठी गेममध्ये रॉ इनपुट (माउसची हालचाल विंडोजच्या फेरफाराशिवाय थेट घेणं) असेल तर चालू कर. नसेल तर विंडोजच्या माउस सेटिंगमध्ये पॉइंटर प्रिसिजन वाढवायचा जो पर्याय असतो तो बंद कर, जुने गेम विंडोजचा कर्सर वापरतात आणि त्याचा प्रवेग पण सोबत घेतात, म्हणून तरंगल्यासारखं होतं. व्ही-सिंक (चित्र स्क्रीनच्या ठोक्याला बांधणारा पर्याय) पण बंद करून बघ, तो चालू असला की उशीर वाढतो.

आणि पुढच्या वेळी स्टीमवर घेशील तेव्हा पहिल्या तासाभरातच या चार गोष्टी तपासायच्या, वळून बघायचं, अंधाऱ्या खोलीत जायचं, एफओव्हीचा स्लायडर शोधायचा, संगीत वाजतंय का ऐकायचं. १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मिळतात. ते तुझं नाव न घेतलेलं कलेक्शन अजून त्या मुदतीत असेल तर आजच अर्ज टाक.

बोरिवली_वेस्ट_गेमर

रॉ इनपुट होतं, पण बंद ठेवलेलं होतं. चालू केलं, तरंगणं गेलं. इंटरपोलेशनचा पर्यायच नाहीये त्यात, म्हणजे ते गेमचंच आहे. मुदतीत आहे अजून, रिफंड टाकतोय आणि त्याच पैशात डूम २०२४ वालं आणि क्वेक घेतो. ताई, क्वेकमध्ये ते घासणं बंद करायचं सेटिंग कुठल्या मेनूत आहे?

रॉकेटलाँचर_ताई

डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये बघ, टेक्श्चर स्मूदिंगचं नाव असेल, ते ऑफ कर. मॉडेल पण जुनीच ठेवून बघ आधी. आणि आवाज हेडफोनवरच, स्पीकरवर नको.